उघाडीवरचा पंप

कांडला बंदर
२० नोव्हेंबर १९७८

चि. सगुणे,

हे पत्र बाबांना वाचून दाखवशील तेव्हा वरचा हा तुकडा गाळ. मी परत काम बदललं. शिव्या खायच्या त्या मला एकट्यालाच खाऊ दे, तुझ्या कानावरून नकोत. क्रेनवरच्या टोळीत राहून कंटाळा आला होता. आता बंदराबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये आहे. क्रेनचे, डंपरचे, बोटींचे पंप तिथे दुरुस्तीला येतात. पाण्याचे नव्हेत, तेलाचे. त्याला हायड्रॉलिक म्हणतात. मिस्त्री कच्छी आहे, बोलतो कमी, पाना फेकून मारतो जास्त.

इथून पुढे वाच.

बाबा, काम चांगलं आहे. पंप तीन जातींचे येतात. पहिला दातांचा. लोखंडी पेटीत दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात. दातांच्या खाचांत तेल बसतं, कडेकडेनं पुढे जातं आणि दाताला दात भिडला की बाहेर पिळून निघतं. स्वस्त आणि दणकट. ओरडतो मात्र ठमाआत्यासारखा. दुसरा पात्यांचा. गोल पेटीत एक चाक मुद्दाम एका अंगाला बसवलेलं असतं आणि त्याच्या चिरांतून पाती आतबाहेर सरकतात. जिथे जागा वाढते तिथे तेल आत येतं, जिथे आवळते तिथून बाहेर रेटलं जातं. हा गरीब, आवाज करत नाही. तिसरा दट्ट्यांचा. तो राजा. एका नळकांड्यात बरेच दट्टे आणि त्यांच्या बुडाशी तिरपी थाळी. नळकांडं फिरलं की दट्टे एकामागून एक आत जातात, बाहेर येतात. थाळी जास्त तिरपी केली तर तेल जास्त, सरळ केली तर कमी. तो खोलायला मिस्त्री मला अजून देत नाही. मी नुसता पुसतो.

इथेही मिठागरं आहेत. नजर पोचेल तिथवर पांढरं. पण बघताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. परवा कळलं काय ते. इथे बांधावरून कोणी अनवाणी चालत नाही. आपण दोघं बाबांच्या मागून चालायचो, आठवतं? पायाला गार लागलं की तिथे खेकड्याचं बीळ. बाबा बोलायचे, ‘थांब, हलू नको, टाच तितंच ठेव,’ आणि चिखलाचा गोळा आणून माझ्या पायाखाली कोंबायचे. वरून मी टाचेनं दाबायचो. आपल्या घरात चालायला शिकण्याआधी भोक बुजवायला शिकतात.

रोह्याच्या स्थळाचं काय झालं? आत्याच्या पत्रात होतं की मुलगा रसायनाच्या कंपनीत आहे, कमळाकर नावाचा. कळव.

तुझा,
केरू

---

धरमतर
९ डिसेंबर १९७८

दादास सगुणाचा नमस्कार.

पत्र पावलं. वरचा तुकडा गाळला, पण बाबांनी विचारलं, ‘सुरवातीला इतका वेळ गप का बसलीस गो?’ मग सांगावं लागलं. ते बोलले, ‘त्याला काम लागत नाय, कामाला तो लागत नाय.’ मग हसले. म्हणजे रागावले नाहीत.

आठवतं का विचारतोस! तुझ्या टाचेखाली चिखल असायचा, पण गोळे वाहून माझं पोलकं भरायचं, ते कोण आठवणार?

हंगाम उभा राहिला आहे. पहिल्या उधाणाला उघाडीचं दार उचलून खाडीचं पाणी तळ्यात भरून घेतलं. थंडी चांगली पडली आहे, वारा सुका आहे, मीठ लवकर धरेल असं सगळे म्हणतात. बाबांच्या दारावर डोळा असलेल्या पुंडलिककाकाचा रोजचा फेरा उघाडीवर असतो. येतो, दाराकडे बघतो, तंबाखू मळतो, जातो.

रोह्याच्या स्थळाला मी नाही म्हटलं. आत्या दोन दिवस जेवली नाही, मग तिसऱ्या दिवशी दुप्पट जेवली. त्यावर तू काही लिहू नकोस.

अक्षराला हसू नको, हाताला फोड आलेत.

बाबा सांगतात ते लिहिते: ‘तेलाचा पंप कशाला? आमच्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा आपल्या पायानं चालत येतं. त्याला कोण ओढतो?’

तुझी,
सगुणा

---

कांडला
२२ डिसेंबर १९७८

चि. सगुणे,

लिहू नको म्हणतेस म्हणून लिहितो. मुलगा काळा आहे का? आपण कुठे गोरे? कंपनीत आहे म्हणजे अंगाला वास येत असेल, हे मान्य. पण आपल्या अंगाला खाडीचा येतो, त्याचं काय? रोहे कुठे लांब आहे गो? सकाळी एसटीत बसलीस तर दुपारी घरी. मी इतका लांब आलो तो माझ्या पायांना खाज म्हणून. तू तरी नीट राहा. शाळेत असताना तूच म्हणायचीस, कुंडलिकेच्या काठचं रोहे बघायचं आहे, तिथलं पाणी गोडं असतं. आता बोलावणं आलं तर नाक मुरडतेस.

फोड कसले? मीठ ओढायला अजून अवकाश आहे ना?

बाबांच्या प्रश्नाला उत्तर. मी हाच प्रश्न मिस्त्रीला विचारला. तो बोलला, पंप जोर करत नाही. पंप फक्त तेल पुढे सरकवतो. पुढे कोणी अडवलं की मग जोर येतो. बाबा, भरतीचं पाणी खाडीत मोकळं असतं तेव्हा पोरं त्यात डुंबतात. तेच पाणी उघाडीच्या दाराला टेकलं की दार कण्हतं. तसंच हे. बारीक दट्ट्यानं रेटलेलं तेल जाड दट्ट्याखाली गेलं की गाडी उचलतं, फक्त उचलतं हळू. जोर वाढला तेवढी चाल गेली. फुकट काही नाही.

आणखी एक तो बोलला, ते मला पटलं नाही. म्हणे पंप तेल ओढतच नाही. पंप जागा रिकामी करतो आणि बाहेरची हवा टाकीतल्या तेलाला त्या जागेत ढकलते. हवा कशी ढकलेल? मी हसलो तर पाना आला.

उघाडीचं दार वर जाताना लाकडाचा जो आवाज यायचा, तो इथे कुठल्याच यंत्राला नाही. कर्रर्र, मग धबाबा पाणी. मी डोळे मिटून तो आठवायचा प्रयत्न करतो आणि मधेच कोणीतरी दातांचा पंप सुरू करतं.

केरू

---

धरमतर
११ जानेवारी १९७९

दादा,

हे पत्र बाबा आत्याला सोडायला पेणला गेलेत म्हणून लिहिते आहे. हे मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

फोड दोराचे आहेत. उघाडीचं दार मी उचलते.

दसऱ्यानंतरच्या उधाणाला बाबांचा पाय शेवाळावरून सरकला आणि ते उजव्या खांद्यावर पडले. बाहेरून काही दिसत नाही. पण हात खांद्याच्या वर जात नाही. पेणच्या डॉक्टरांनी दाबून बघितलं, गोळ्या दिल्या, बोलले वयाचा त्रास आहे. बाबांनी कोणाला सांगितलं नाही. तुला तर मुळीच सांगू नको म्हणाले. तेव्हापासून असं चालतं: बाबा पुढे उभे राहतात, दोर डाव्या हातात धरतात आणि मोठ्यानं हाळी देतात. मी कठड्याच्या मागे बसून तोच दोर ओढते. लांबून बघणाऱ्याला काळुराम दार उचलतो आहे असंच दिसतं. दार खाली टाकताना तर माझे हात जळतात. मग बाबा माझ्या हाताला खोबरेल लावतात आणि दुसरीकडे बघतात.

होळीला काय असतं ते तुला माहीत आहे. होळी पेटली की दुसऱ्या दिवशीच्या भरतीला सगळं मिठागर उघाडीवर जमतं आणि गेटकऱ्यानं सगळ्यांसमोर एकट्यानं दार उचलून दाखवायचं. उचललं तर पुढल्या होळीपर्यंत दार त्याचं. नाही तर दुसऱ्याचं. आजवर बाबांच्या बाबतीत तो नुसता गुलाल उधळायचा कार्यक्रम होता. यंदा लोक जवळ उभे राहणार. कठड्यामागे मी कशी बसू?

बाबांना दुसरं काम मिळेल रे. कोणी उपाशी ठेवणार नाही. पण दार गेलं तर ते बसतील कुठे? सकाळी उठून जातील कुठे?

आता कळलं ना मी रोह्याला नाही का म्हणाले? कमळाकर काळा नाही. आणि असता तरी मला चालला असता. ते लोक आत्याला बोलले आहेत, अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघतो. का बघतात कोण जाणे. मी उघाडीवरून हलले तर दार कोण उचलेल?

तू ये असं लिहीत नाही. लिहिलं तर तू येशील, पावसाळ्यापर्यंत राहशील आणि मग बाबांशी भांडून जाशील. ते नको.

सगुणा

---

कांडला
२८ जानेवारी १९७९

चि. सगुणे,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर कामात चुकलो. मिस्त्रीनं दोन पाने मारले, तिसरा मारायच्या आधी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तो बोलला, ‘दार कितना भारी?’ मी हात पसरून दाखवलं. तो उठून भंगारात गेला.

आता ऐक. दातांचा पंप चालणार नाही, त्याला इंजिन लागतं. पात्यांचा तसाच, आणि त्याला तेल एकदम निर्मळ लागतं, खाडीवर कुठून आणणार? दट्ट्यांचा राजा आपल्याला कोण देणार? पण राजाचा एक गरीब भाऊ असतो. एकच दट्टा, हातानं मारायचा दांडा आणि दोन छर्रे. दांडा वर केला की एक छर्रा उठतो, तेल आत. दांडा खाली केला की तो बसतो, दुसरा उठतो, तेल पुढे. परत मागे येऊ शकत नाही. म्हणजे दोन लहान उघाड्याच समज, एक भरतीची, एक ओहोटीची. पुढे जुन्या टिपर गाडीचा लहान सिलिंडर जोडला आहे. तो दगडी खांबावर उभा करायचा आणि त्याच्या डोक्यावर दाराचा आडवा वासा टेकवायचा. दार हातभर वर जाईल, पाणी घ्यायला तेवढं पुरे. बाजूला एक चावी आहे. ती सोडली की तेल मुकाट टाकीत परत जातं आणि दार आपल्या वजनानं खाली बसतं. तुझे हात जळणार नाहीत.

टाकी मी स्वतः बनवली, पत्र्याच्या डब्याची. वरचं झाकण आट्यांचं आहे. तेल सोबत दिलं आहे, दुसरं घालू नका. पाणी तर अजिबात नको. दांडा डाव्या हातानं मारता येईल असा उलटा वाकवला आहे. तो वाकवताना बाबांचा डावा हात डोळ्यापुढे होता. मी गेलो त्या दिवशी वडखळच्या नाक्यावर त्या हातात माझी पिशवी होती, आणि गाडी सुटेपर्यंत ती त्यांनी माझ्याकडे दिली नव्हती.

मंगळूरला जाणाऱ्या ट्रकवाल्याकडे दिला आहे. तो वडखळला उतरवेल.

केरू

---

धरमतर
१८ फेब्रुवारी १९७९

दादा,

पंप पोचला. बाबा बैलगाडी घेऊन गेले होते. येताना पंपावर स्वतःची घोंगडी घातली, नवरीला आणावं तसा आणला. गावात विचारलं तर बोलले, ‘केरूनं धाडलाय.’ एवढंच, पण चार वेळा बोलले.

तू लिहिलंस तसा खांबावर बसवला. पौर्णिमेच्या उधाणाला लावला. पहिला दांडा मारला, वासा हलला. दुसरा, तिसरा, दार चिखलातून सुटलं. दादा, तो आवाज! तोच कर्रर्र. बाबा माझ्याकडे बघून असे हसले की मला वाटलं मी आजच रोह्याला निघाले.

मग दांडा खाली दाबायला हलका झाला. वर-खाली, वर-खाली, दार मात्र जागच्या जागी. वीतभरसुद्धा उचललं नव्हतं. भरती गेली, तळं अर्धंही भरलं नाही. पुंडलिककाका बांधावरच होता. ‘काळूदा, पोरानं कांडल्यासून खेलना धाडला का रं? आमच्या नातवाला दे, तो हलवील.’ बाकीचे हसले. बाबांनी दांडा काढून खांद्यावर टाकला, डाव्या, आणि घरी आले.

गंमत अशी की झाकण फिरवून तेल बघायला गेलं की हुस्स करून आवाज येतो, कोणी उसासा टाकावा तसा. त्यानंतर परत दोन-चार दांडे चालतो आणि परत गप.

बाबा तुझ्यावर चिडले नाहीत. ते रोज तो पुसतात. मला तेच बघवत नाही.

सगुणा

---

कांडला
२५ फेब्रुवारी १९७९

चि. सगुणे,

चूक माझीच असणार. मी इथे त्यावर एवढं ओझं टाकून बघितलं होतं! छर्‍याखाली कचरा अडकला असेल. दट्ट्याचं वायसर ट्रकच्या उन्हात कडक झालं असेल. नळीत हवा शिरली असेल, तो उसासा तिचाच. नळीचं टोक सैल करा, दांडा मारा, फेस निघेल, निर्मळ तेल आलं की आवळा. ते करून झालं नाही तर मला हे कळव: तेल कमी झालं आहे का? दट्ट्याच्या कडेनं पाझरतं का? दांडा वर करताना जड लागतो की हलका? पेटी उतरवताना आपटली का? कोणी काही खोललं, बदललं का? काहीही असो, लहानातलं लहान लिही.

मिस्त्रीला अजून सांगितलं नाही. मला लाज वाटते आहे. एक हातपंप बनवला तोही असला. बाबांना सांग, पुसत बसू नका, भंगारात टाका. नको, सांगू नको.

काल समुद्राकडे जाऊन बसलो. ओहोटी होती. चिखलात तेच खेकडे, तीच बिळं, आणि बुजवायला कोणी नाही. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. मला सारखं उठून टाच ठेवावीशी वाटत होती.

होळी जवळ आली. लगेच लिही.

केरू

---

धरमतर
४ मार्च १९७९

दादा,

सगळं केलं. फेस निघाला, मग निर्मळ तेल आलं. कालच्या भरतीला परत तेच, थोडं वर आणि गप. तेल तेवढंच आहे. पाझरत कुठेच नाही. दांडा वर करताना आधी हलका असतो, मग कोणीतरी आतून धरून ठेवल्यासारखा जड होतो.

पेटी आपटली नाही, ट्रकवाल्यानं गवतात ठेवून आणली. कोणी काही बदललं नाही. फक्त झाकणाला मधोमध एक बारीक भोक पडलं होतं, वाटेत खिळा लागला असावा. ते बाबांनी पहिल्याच दिवशी, खांबावर बसवायच्या आधी बुजवलं. नुसता चिखल नाही लावला, बांधाची चिकणी माती मळून आत कोंबली, वरून डांबर दिलं. पक्कं काम आहे, एक थेंब बाहेर येत नाही.

पुंडलिककाका आता दोर तेलात भिजवून ठेवतो आहे. नवा आणला आहे. आत्यानं रोह्याला ‘वाट बघू नका’ असा निरोप धाडायचा म्हटलं, मी होळीपर्यंत थांब म्हटलं. पुढे काय ते तिलाही दिसतं आहे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू केलंस ते बाबांना पोचलं.

सगुणा

---

तार
कांडला, १० मार्च १९७९

झाकणाचं भोक मी पाडलंय. मोकळं करा. केरू.

---

धरमतर
१६ मार्च १९७९

दादा,

यापुढे मेलास तरी तार करू नको.

डाकवाला बांधावरून सायकल हातात धरून पळत आला आणि लांबूनच ओरडला, ‘काळुराम, तार!’ आत्यानं तार कुठली, कोणाची, काही विचारलं नाही. ‘माझा केरू गेला गो!’ म्हणून अंगणात बसलीच. बायका धावल्या. पुंडलिककाकानं डोक्याचं फडकं काढलं. तारेची अक्षरं इंग्रजी, भाषा आपली, म्हणून डाकवाला एकेक शब्द जुळवत वाचायला लागला. ‘झा-क-णा-चं...’ ‘भोक...’ आत्या रडायची थांबली. ‘मी पाडलंय.’ पुंडलिककाका बोलला, ‘कोणाच्या झाकणाचं?’

आम्ही हसलो नाही तेव्हा. बाबा हसले नाहीत. ते उठून पंपाजवळ गेले, डांबराकडे बघत उभे राहिले. बोलले, ‘सगुणे, त्यानं भोक मुद्दाम ठेवला? कशाला?’ मी तुझं डिसेंबरचं पत्र काढलं आणि तो हवेचा तुकडा परत वाचला. पंप ओढत नाही, बाहेरची हवा ढकलते. बाबांनी दोनदा वाचायला लावला. मग बोलले, ‘म्हणजे मी वाऱ्याची वाट बंद केली.’ आणि दाभण घेऊन बसले. माती काढायला अख्खी दुपार गेली, एवढी पक्की कोंबली होती.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळं मिठागर जमलं. पुंडलिककाकानं आधीच सांगितलं, ‘हातानं उचलायचा कायदा हाय. यंत्र नाय चालायचा.’ बाबा बोलले, ‘दांडा माझ्या हातात हाय का पायात?’ म्हातारी मंडळी हसली आणि तिथेच निकाल लागला.

मी उघाडीजवळ नव्हते. मुद्दाम पलीकडच्या बांधावर बायकांत उभी राहिले, हात बांधून, सगळ्यांना दिसेल अशी. बाबांनी हाळी दिली नाही. नुसता दांडा मारत राहिले, डाव्या हातानं, चुन्याची डबी उघडावी तसे सावकाश. कर्रर्र झालं. मग धबाबा. पाण्याचा आवाज पलीकडच्या बांधापर्यंत आला आणि मला एकदम रडू आलं. बायका बोलल्या, ‘रडतेस कशाला? बापानं दार राखला.’ मी बोलले, डोळ्यात गुलाल गेला.

आत्या आजच रोह्याच्या एसटीत बसली.

सगुणा

---

कांडला
२ एप्रिल १९७९

चि. सगुणे,

मिस्त्रीला सगळं सांगितलं. तो इतका हसला की स्टुलावरून पडला. मग बोलला, इथे पंप रोज बिघडून येतात, पण भोक बुजवून कोणी आणला नव्हता. मी त्याला बोललो, तुम्ही आमच्या बांधावर राहिला असता तर तुम्हीही बुजवलं असतं. माझीच अक्कल गेली होती. बाबांच्या हातात भोकाचं झाकण देतो आणि काही लिहीत नाही! आणि हवा ढकलते हे मला आता पटलं.

आता राग कर. मी लग्नाला येत नाही. गाळ काढायच्या बोटीवर नाव लावलं आहे, ती विशाखापट्टणला निघते आहे. तिच्यावर तिन्ही जातींचे पंप आहेत. राजाही, आणि तो मला खोलायला मिळणार आहे. हे एक कारण. दुसरं खरं कारण हे की मी आलो, तर बाबा दार माझ्या हातात देतील. त्यांचा खांदा बघितला की मला नाही म्हणता येणार नाही. आणि मी ते दार वर्षभरही राखणार नाही, हे तुला माहीत आहे.

तुझ्यासाठी साडी कच्छी ट्रकवाल्याकडे दिली आहे, लाल आहे. रोह्याला गेलीस की कुंडलिकेचं पाणी चाखून बघ, खरंच गोडं आहे का ते लिही.

केरू

---

धरमतर
२४ मे १९७९

चि. केरू यास काळुरामाचा आशीर्वाद.

लिहिणारा पुंडलिक आहे. मधे मधे तो आपलं घालील, तिकडे लक्ष देऊ नको. (मी काही घालत नाही. पुं.)

सगुणेचं लग्न चांगलं झालं. साडी पोचली, तीच नेसून गेली. जावई शांत आहे, पात्यांच्या पंपासारखा, असं ती सांगून गेली. ते तुला लिहायला सांगितलंय. पाणी गोडं आहे पण चवीला काही नाही, हेही लिहायला सांगितलंय.

तुझं ते पत्र तिनं मला सगळं वाचलं, काही न गाळता. तू भ्यालास ते फुकट. दार मी तुला देणार नव्हतो. माझं दार मी तुला का देऊ? चालतंय मला. डाव्या हातानं झकास चालतंय. (उधाणाला मी बाजूला उभा असतो. पुं.) उभा असतो, नुसता बघत.

तर पंपाचं सांगतो. भोक मोकळं केलं ते बरं झालं, पण हंगामात मिठाची भुकटी उडते, ती आत जायला लागली. तेल काळं पडलं. बंद केलं तर हवा नाय, उघडं ठेवलं तर मीठ. दोन दिवस विचार केला. सगुणेचं एक जुनं लुगडं घरात राहिलं होतं, त्याची चिंधी फाडली आणि भोकावर सुतळीनं बांधली. हवा जाते, मीठ नाय जात. दर अमावास्येला सोडतो, गोड्या पाण्यात धुतो, वाळवून परत बांधतो. तुमच्या मिस्त्रीला विचार, असं चालतं का. नाय म्हणाला तरी मी काढायचा नाय.

दांडा मारायला लागलं की ती चिंधी जराशी आत जाते आणि दार खाली सोडलं की बाहेर येते, झोपलेल्या पोराचं पोट हलावं तशी. पाणी तळ्यात भरत असतं तोवर मी तिच्याकडे बघत बसतो. तुम्ही दोघं लहान असताना बघायचो तसा.

तू ये. दाराला हात लावू नको, नुसता येऊन बघून जा.

काळुराम